लोसी फाइव्ह-टी २.० : रेस ट्रॅकसाठी कशी आहे, काय बदललं आणि कशावर पैसे घालवू नका

"लोसीचा तो मोठा रिमोट कंट्रोल ट्रक घेऊ का" असं आता इतक्या जणांनी विचारलंय की एकदाच सगळं लिहून टाकतो. मी लिहितोय ते ट्रॅकवर रेस करायच्या हिशोबाने. मोकळ्या मैदानात नाहीतर मातीच्या ढिगाऱ्यावरून उड्या मारायच्या असतील तर बॉक्समधून काढा, पेट्रोल-ऑइल घाला, दोरी ओढा आणि मजा करा, पुढचं काहीच वाचायची गरज नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. हा १/५ स्केलचा, म्हणजे खऱ्या गाडीच्या पाचव्या हिश्श्याएवढा, फोर व्हील ड्राइव्ह शॉर्ट कोर्स ट्रक (आखूड मातीच्या ट्रॅकवर पळणाऱ्या खऱ्या रेस ट्रकची नक्कल). लांबी साधारण एक मीटर, वजन सोळा-सतरा किलो, म्हणजे उचलून पिट टेबलावर ठेवताना कंबर सांभाळावी लागते. इंजिन जपानी झेनोआचं, ३२ सीसी, टू स्ट्रोक, एअर कूल्ड, आणि नायट्रो वगैरे खास मॉडेलचं इंधन नाही, साधं पेट्रोल अधिक टू-टी ऑइल. पुढे, मधे, मागे असे तीन डिफरेन्शियल (डिफ), म्हणजे चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे गियरचे डबे. पहिला फाइव्ह-टी २६ सीसीचा होता, त्याची ही पुढची आवृत्ती. इकडे अमेरिकेत हा रिमोटशिवायच मिळतो, रिमोट तुमचा तुम्ही आणायचा. लोसी हे नाव मूळचं कॅलिफोर्नियाचं, लोसी कुटुंबाचा पोमोनाला स्वतःचा आरसी (रिमोट कंट्रोल) ट्रॅक होता, म्हणजे रेसिंग यांच्या रक्तातलंच. आता बरीच वर्षं कंपनी होरायझन हॉबीकडे आहे, त्याचा फायदा असा की स्पेअर पार्ट कुठेही मिळतात. मोठ्या स्केलमधे हा मुद्दा इंजिनपेक्षा महत्त्वाचा आहे, कारण सतरा किलोची गाडी ट्रॅकच्या कडेच्या पाइपला धडकली की काहीतरी वाकतंच आणि पुढच्या हीटच्या (रेसच्या फेरीच्या) आत तो पार्ट हातात हवा असतो.

आता मुद्द्याचं. ह्या ट्रकला पॉवर कमी नाहीये. पहिल्या दिवशी सगळे जण विचारतात ट्यून्ड पाइप (जोर वाढवणारा एक्झॉस्ट) कुठला घेऊ, मोठा कार्ब (कार्ब्युरेटर) लावू का, सिलिंडर पोर्ट करून घेऊ का. अरे बाबा, आहे ती पॉवर आधी मातीवर उतरव. सरळ पट्ट्यावर साठ-सत्तरने येणारी सतरा किलोची वस्तू वळणाच्या आधी थांबवायची, वळवायची, आणि मग परत पळवायची, ह्यातल्या पहिल्या दोन गोष्टीत सगळा लॅप टाइम आहे. १/८ स्केलच्या लहान बगीवाल्यांना हे पटायला वेळ लागतो कारण त्यांची गाडी साडेतीन-चार किलोची, थ्रॉटल सोडला की निम्मं काम झालं. इथे थ्रॉटल सोडला तरी गाडी आपली निघालीच आहे पुढे.

म्हणून ब्रेकपासून सुरू करतो, ज्याबद्दल कोणी बोलतच नाही. मधल्या डिफच्या दोन्ही बाजूंना डिस्क आहेत, एक पुढच्या चाकांसाठी एक मागच्या, आणि दोन्हीचं लिंकेज वेगळं अॅडजस्ट होतं. मागचा ब्रेक जास्त ठेवला तर वळणात शिरताना शेपूट बाहेर येते, नवशिक्याला ते फार वेगवान वाटतं पण मातीत खड्डे पडले की गाडी उलटी तोंड करून उभी. पुढचा जास्त ठेवला तर सरळ रेषेत छान थांबते पण ब्रेक दाबून स्टिअरिंग फिरवलं की ऐकतच नाही, तशीच पुढे सरकत जाते. मी करतो असं : ट्रॅक उघडायच्या आधी सरळ पट्ट्यावर मध्यम वेगाने सोडायची, पूर्ण ब्रेक दाबायचा आणि टायरचे ओरखडे बघायचे. चारही चाकांनी माती ओढली पाहिजे पण पुढची जरा आधी. तिथून मागचा स्क्रू थोडा थोडा घट्ट करत जायचा, गाडी वळणात स्वतःहून नाक आत घालायला लागली की थांबायचं. आणि रिमोटवर ब्रेकचा एंडपॉइंट (जास्तीत जास्त किती ब्रेक लागेल ती मर्यादा) कमी करून ठेवा, घाईत बोट पूर्ण दाबलं जातंच.

एक गंमत लक्षात ठेवा. मधल्या डिफमधे ऑइल जितकं जाड, तितका ह्या पुढे-मागे ब्रेक वाटपाचा परिणाम कमी, कारण डिफ जाड झाला की दोन्ही शाफ्ट जवळजवळ एकत्रच फिरतात. त्यामुळे आधी डिफ, मग ब्रेक. उलट केलं तर सगळी मेहनत परत.

डिफबद्दल जरा सविस्तर, कारण पंधरा-वीस डॉलरमधे गाडीचा स्वभाव बदलतो तो इथेच. वजन मागे बसतं तेव्हा पुढची चाकं हलकी होतात, आणि मधला डिफ पातळ असेल तर पॉवर सोप्या वाटेने जाते, म्हणजे त्या हलक्या चाकांकडे. पुढचे टायर फुग्यासारखे फुगून फिरतात आणि गाडी जागेवर. मी मधे १ लाख, पुढे ३० हजार, मागे २० हजार असं सिलिकॉन ऑइल भरलंय (आकडा जितका मोठा तितकं ऑइल जाड), कोरड्या, थोड्या सुट्या मातीच्या ट्रॅकसाठी. ओली चिकट माती असेल तर मधे ६० हजारपर्यंत खाली येतो, नाहीतर वळणातून बाहेर पडताना नाक बाहेर पळतं. मागचा जाड करायचा मोह होतो, सरळ धाव मस्त मिळते, पण खडबडीत वळणात एक मागचं चाक उचललं गेलं की दुसरं एकदम घसरतं. माझ्यापुरतं मागे पातळच बरं. ह्या आकड्यांना देवाचा शब्द समजू नका, तुमचा ट्रॅक वेगळा, तुमचं बोट वेगळं.

भरताना गियर पूर्ण बुडेपर्यंतच ऑइल, काठोकाठ नाही. १ लाखवालं ऑइल मधापेक्षा जाड असतं, गियरमधे उतरायला वेळ घेतं, झाकण लावायची घाई करू नका, रात्रभर ठेवलं तरी चालेल. एका ऑनलाइन दुकानाने, नाव घेत नाही, मला १ लाखाच्या बाटलीत भलतंच पातळ काहीतरी पाठवलं, लेबल बरोबर आणि आत पाणी. बाटली उलटी केली की बुडबुडा किती सावकाश वर जातो ते बघून आता भरतो. पैसे परत मिळाले नाहीत, "सीलबंद होती" हे एकच पालुपद.

सस्पेन्शन. शॉक भलेमोठे आहेत आणि तेल गळायचा त्रास मला तरी नाही. कंपनीचं सेटिंग सगळीकडे चालेल असं मधलं ठेवलेलं आहे, जे योग्यच आहे, कारण घेणारे बहुतेक जण मैदानात उडवणार. ट्रॅकवर मात्र निवड करावी लागते. शॉकच्या पिस्टनची भोकं लहान केली की मोठ्या उडीवरून पडताना शॉक आवळतो आणि चॅसिस जमिनीला आपटत नाही, पण त्याच भोकांमुळे ब्रेकिंगच्या जागी जे लहान लहान खड्डे पडतात त्यावर गाडी बेडकासारखी टुणटुणते. आमच्या ट्रॅकवर एकच मोठी डबल जंप आहे आणि खड्डे चिक्कार, म्हणून मी भोकं मोठी, ऑइल थोडं जाड आणि स्प्रिंग एक नंबर कडक अशी तडजोड केलीय. मोठ्या उडीनंतर कधीकधी चॅसिस घासतं, घासू दे. थंडीत सकाळच्या प्रॅक्टिसला ऑइल जाड झालेलं असतं, तेव्हा घाईने सेटिंग बदलू नका, दुपारपर्यंत थांबा.

राइड हाइट अशी बघा : गाडी पूर्ण तयार, बॅटरी आत, टाकी अर्धी, बॉडी लावलेली. वीतभर उंचीवरून सोडून द्या, बसू द्या, मग मागचा ड्राइव्हशाफ्ट बाजूने बघा. जमिनीला समांतर असला पाहिजे. पुढे त्याच्याइतकं किंवा किंचित खाली. समांतरपेक्षा वर राहिला तर वळणात ट्रक आडवा होतो, आणि इतक्या वजनाचा ट्रक आडवा झाला की मार्शल (उलटलेल्या गाड्या सरळ करणारा माणूस) धावत येईपर्यंत चार गाड्या पुढे गेलेल्या असतात. मागे टो-इन (चाकांची पुढची कड आत वळलेली) तीन अंशाच्या आसपास ठेवलाय, पुढे जवळपास शून्य, कॅम्बर (चाकाच्या वरच्या कडेचा कल) दोन्हीकडे दीड-दोन अंश आत. ह्यात फार खेळू नका.

टायर. ह्यावर अर्धा लेख होईल पण एकच सांगतो, टायरच्या आतला फोम बघा. ओरिजिनल टायर दमदार आहेत, पण ह्या वजनाला मऊ फोम घातला तर वळणात टायरची भिंत मुडपते आणि बाहेरच्या कडेवर गाडी चालते. कडक फोम, मध्यम गाठींचे टायर, बस. टायर रिमवर स्क्रूने आवळून धरणारी बीडलॉक रिंग असल्यामुळे टायर बदलायला ग्लूची कटकट नाही, तेवढे स्क्रू चोवीस तास काढ-घाल करायची तयारी ठेवा. रिंगचे स्क्रू समोरासमोरचे आवळा, गोल गोल आवळत गेलात की रिम वाकडी फिरेल.

आता इंजिन. टू स्ट्रोकचं सगळं ज्ञान आपल्या पिढीकडे फुकट आहे खरंतर, चेतक आणि लुनाच्या जमान्यात पंपावर पेट्रोलबरोबर टू-टी ऑइल टाकून घेतलेली माणसं आपण, प्लग काढून पॉलिश पेपरने घासलेली माणसं. इथेही तेच. मी २५:१ ठेवतो, म्हणजे एक लिटरला ४० मिली ऑइल. ३२:१ वर चालवणारेही आहेत, त्यांचं इंजिनही चालतंच, पण रेसमधे वीस मिनिटं सतत रेस दिलेली असते आणि इंजिन थंड करायला फक्त हवाच असते, मला जास्त ऑइलच्या धुराचा त्रास परवडला.

कार्बला पेट्रोल कमी-जास्त करणाऱ्या दोन सुया, लो आणि हाय. मॅन्युअलमधल्या बेस सेटिंगपासून सुरू करा आणि इंजिन आधी व्यवस्थित गरम होऊ द्या, थंड इंजिनवर ट्यून करणं म्हणजे वेळ घालवणं. आधी लो. आयडलवर उभी असताना एकदम थ्रॉटल द्या. गपकन बंद पडायला लागली तर लीन (पेट्रोल कमी) आहे, सुई थोडी उघडा. भड-भड करत, धूर काढत, उशिरा उचलली तर रिच (पेट्रोल जास्त), थोडी बंद करा. थोडी म्हणजे खरंच थोडी, घड्याळात पाच मिनिटांचा काटा सरकतो तेवढी. लो जमली की हाय. सरळ पट्ट्याच्या शेवटी कान द्या, वरच्या आरपीएमला आवाज किंचित फाटल्यासारखा, अडखळल्यासारखा आला पाहिजे, तिथून थोडी लीन करत जा, आवाज जेमतेम साफ झाला की थांबा आणि परत केसभर उघडा. मग पूर्ण थ्रॉटलवर एक पट्टा मारून तिथल्या तिथे किल स्विचने बंद करा आणि प्लग काढा. चॉकलेटी असेल तर झालं काम. पांढरट दिसला तर त्याच दिवशी रिच करा, नाहीतर पिस्टनला चरे पडल्यावर कळेल. काळा ओला असेल तर रिच, पण त्याने इंजिन मरत नाही, फक्त तुम्ही मागे राहता.

एक लक्षण पाठ करून ठेवा. थ्रॉटल सोडल्यावर आयडल लगेच खाली येत नसेल, वर लटकून राहत असेल, तर सुया पिळत बसू नका, आधी कार्ब आणि सिलिंडरच्या मधला गॅस्केट आणि बोल्ट बघा. हवा शिरत असते तिथून. एक सिलिंडर, भरपूर व्हायब्रेशन, बोल्ट सैल होणारच. धातूत जाणाऱ्या प्रत्येक स्क्रूला निळं थ्रेडलॉक (स्क्रू सैल होऊ न देणारा गोंद), नवीन गाडीला सुद्धा, आणि पहिल्या काही टाक्यांनंतर परत सगळं पाना लावून बघा.

पेट्रोलचं एक. इकडे पंपावर साधारण दहा टक्के इथेनॉल असतंच, ते ओलावा ओढतं आणि कार्बमधलं रबरी डायफ्रॅम कडक करतं. शक्य असेल तर इथेनॉल नसलेलं घ्या, नसेल तर दिवस संपला की टाकी रिकामी करा आणि इंजिन कोरडं होऊन बंद पडेपर्यंत चालवा. पुण्या-मुंबईहून विचारणाऱ्यांनी हे नीट वाचा, भारतात आता ई२० आहे, म्हणजे दुप्पट. ट्रक तिकडे न्यायचा विचार असेल तर दोन-तीन डायफ्रॅम किट सोबत ठेवाच. आणि कस्टम ड्यूटी, सोसायटीतला आवाज, जागा हे सगळं धरलं तर तिकडे मी तरी इलेक्ट्रिक घेईन. आरमाचा क्रॅटन किंवा ट्रॅक्ससचा एक्स-मॅक्स घ्या, तेही मोठे आहेत, पण ते मुळात धिंगाणा घालायचे ट्रक, ट्रॅकवर लॅप काढायला बनवलेले नाहीत हे मनात ठेवून.

एअर फिल्टरबद्दल वेगळं सांगायला नको पण सांगतोच. फोम ऑइलमधे भिजवलेला हवा, हाताने दाबून जास्तीचं काढलेला, आणि वर जाळीदार कापडाचं कव्हर. रेसचा दिवस संपला की धुणं आलं. माझी बायको म्हणते घरातले कप धुवायला हात लागत नाहीत पण ते काळं स्पंजाचं बोंडुक बरं धुतोस प्रेमाने. मुद्दा बरोबर आहे तिचा.

पाइपबद्दल, कारण विचारणारच तुम्ही. ट्यून्ड पाइपने वरच्या आरपीएमला जोर येतो हे खरं, पण आमच्यासारख्या आखूड ट्रॅकवर तो जोर वापरायला पट्टाच नाही, आवाज मात्र दुप्पट, आणि इकडे बरेच ट्रॅक आवाजामुळेच मोठ्या पेट्रोल गाड्या घेत नाहीत. त्यापेक्षा पिनिअन (इंजिनकडचा छोटा गियर) एक दात लहान लावा, वळणातून उचल मिळेल आणि क्लच पण कमी तापेल. क्लचचा वास येत असेल तर गियरिंग उंच आहे असं समजा.

पैसे घालायचेच असतील तर स्टिअरिंग सर्व्होवर, म्हणजे चाकं वळवणाऱ्या मोटरवर घाला. ब्रेक दाबलेला असताना पुढची जड चाकं वळवायला ताकद लागते आणि सर्व्हो कमी पडला की माणूस डिफला, टायरला, नशिबाला दोष देत बसतो. मी एक स्वस्तातला आणला होता, डब्यावर आकडे जबरदस्त, पहिल्याच मेनमधे (फायनल रेसमधे) आतला दात सोलला. विकणाऱ्याने फोन उचलला नाही तो नाहीच. आता दुप्पट किमतीचा, पोलादी गियरचा लावलाय, आणि सर्व्हो सेव्हरचा (धक्क्यापासून सर्व्हो वाचवणाऱ्या स्प्रिंगचा) नट थोडा आवळलाय. गाडी बदलल्यासारखी वाटली, खोटं नाही. रिसीव्हरची बॅटरी पण ताकदीची हवी, मोठा सर्व्हो एकदम करंट ओढतो आणि व्होल्टेज पडलं की रेडिओ झोपतो.

बॉडीचं एक छोटं काम फुकटात होतं. शॉर्ट कोर्सची बॉडी उडीत हवा भरून पॅराशूटसारखी वागते, नाक वर जातं. मागच्या भागात आणि बाजूच्या खिडक्यांमधे कापून हवेला वाट द्या. आधी पेन्सिलने आखून घ्या, लेक्झान (बॉडीचं प्लास्टिक) एकदा फाटलं की फाटतच जातं. हवेत असताना नाक वर गेलं तर ब्रेकचा हलका टॅप, खाली गेलं तर थ्रॉटल, चार जड चाकं असल्यामुळे ह्याचा परिणाम लहान गाडीपेक्षा कितीतरी जास्त दिसतो.

सुरक्षेचं न विसरता. रिमोटवरचा किल स्विच आणि फेलसेफ (सिग्नल तुटला की थ्रॉटल आपोआप बंद) नसेल तर मी शर्यतीत उतरणार नाही आणि बहुतेक ट्रॅकवाले उतरूही देणार नाहीत. सिग्नल तुटला आणि थ्रॉटल उघडा राहिला तर हे खेळणं राहत नाही, माणसाच्या पायाचं हाड मोडेल. तुमची हीट झाली की पुढच्या हीटला मार्शलिंगला उभं राहायचं असतं, तेव्हा हातमोजे घाला, सायलेन्सर तापलेला असतो, आणि उलटी गाडी उचलायच्या आधी दुसरी येत नाही ना ते बघा.

सेकंड हँड घेणाऱ्यांसाठी, कारण नवीनला पैसे नसतील तर तोच मार्ग आहे. फिल्टर उघडून कार्बच्या तोंडाच्या आत बोट फिरवा, बारीक धूळ लागली तर तिथूनच परत फिरा, बाकी गाडी कितीही चकाचक असू दे. दोरी सावकाश ओढून कॉम्प्रेशन बघा, हाताला अडकलं पाहिजे. चॅसिस सपाट फरशीवर ठेवून चारही कोपरे दाबा. डिफ हाताने फिरवून करकर ऐका. विकणाऱ्याला गाडी थंड ठेवायला सांगा, आधीच गरम करून ठेवलेली असेल तर थंड असताना स्टार्ट होत नाही असं धरा. चिनी बनावटीचे ह्याच डिझाइनचे ट्रकही निम्म्या किमतीत मिळतात आणि बरेच पार्ट पहिल्या फाइव्ह-टीला बसतात, २.० ला सगळे बसत नाहीत, तेव्हा "लोसीच आहे" म्हणून कोणी मिक्स भाजी विकत असेल तर चॅसिसवरचा शिक्का आणि इंजिनवरचं नाव दोन्ही वाचून मगच पैसे काढा.